घरात वायफाय : आधी हिशेब, मग जोडणी

(नांदूरघाट येथील बैठकीतील भाषण)



घरात वायफाय घ्यावे काय? आमचे म्हणणे एवढेच : विहिरीचा करतो तसा याचाही हिशेब करा.

वायफाय ही घरातली तोटी. पाणी येते गावापर्यंत आलेल्या केबलमधून, नाहीतर टॉवरवरून. तिथेच टिपूस नसेल तर तोटी काय कामाची? म्हणून शेजाऱ्याच्या जोडणीचा वेग संध्याकाळी, सगळे वापरतात तेव्हा पाहा. दगडमातीच्या जाड भिंतीपलीकडे लहर क्षीण होते. लाइट गेली की पेटी बंद. बॅटरीचाही खर्च धरा.

मग काम ठरवा. सातबारा, बाजारभाव, पोरांचा अभ्यास घरबसल्या होईल. पण २०२१ साली आलेली ई-पीक पाहणी बांधावर उभे राहूनच करावी लागते. घरचे वायफाय तिथे पोचत नाही. शेतात जाणाऱ्याचा रिचार्ज सुटत नाही.

१९९८ साली वारणानगर परिसरात गावोगाव संगणक केंद्रे उघडण्याची योजना निघाली. शेतकरी तिथे जात ते मुख्यतः उसाचा हिशेब पाहायला. पुढे सात गावांत तीच माहिती मोबाइलच्या संदेशावर देऊन पाहिली, आणि काम भागले. काम आधी, यंत्र नंतर!

घरातल्या बाकीच्यांचे रिचार्ज जेवढे कमी होतील, ती रक्कम महिन्याच्या भाड्याहून जास्त असेल तर जरूर घ्या. नसेल तर तो पैसा बियाण्याला लावा. आणि घेतलेच, तर पासवर्ड घरच्या लक्ष्मीच्या आणि पोरीच्या हातीही असू द्या. जोडणीचे पैसे त्यांच्याही घामाचे आहेत.