चंद्रावरचा ससा आणि लाडबोरीचं कडं

 

आज आम्ही बोलणार आहोत चीनच्या अवकाश मोहिमांबद्दल. तुम्ही म्हणाल, आपली पाण्याची रांग, आपलं कर्जाचं हप्ताबुक, त्यात हे चीनचं रॉकेट कुठून आलं? तर ते आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गावात येऊन पडलंय. ते कसं, ते पुढं सांगतोच. आधी चंद्राकडं जाऊ.

कोजागिरीला आपण दूध आटवतो, चंद्राला दाखवतो, मग पितो. चिनी लोकांचाही असाच पौर्णिमेचा सण असतो. ते गोल गोड वड्या करतात, चंद्र बघत खातात. २०२५ साली हे दोन्ही सण एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आले होते. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, त्यांनाही ससाच दिसतो. त्यांच्या कथेत चंद्रावर चांग-ई नावाची देवी राहते आणि तिच्याजवळ हा ससा असतो. चीननं आपल्या चंद्रयानांना याच देवीचं नाव दिलं. चंद्रावर फिरणाऱ्या गाडीचं नाव ठेवलं युतू, म्हणजे जेडचा ससा.

आता एक गोष्ट समजून घेऊ. तुळशीकडं तोंड ठेवून तुम्ही तिच्याभोवती फिरलात, तर तुळशीला तुमची पाठ कधीच दिसणार नाही. चंद्र तसाच पृथ्वीभोवती फिरतो. त्याची एकच बाजू कायम आपल्याकडं असते. पलीकडच्या बाजूला यान उतरवलं तर त्याचा संदेश थेट आपल्यापर्यंत येत नाही, कारण मध्ये सगळा चंद्र आडवा. म्हणून चीननं आधी २०१८ मध्ये संदेश पोचवणारा एक उपग्रह पाठवला. मग ३ जानेवारी २०१९ ला चांग-ई ४ त्या मागच्या बाजूला उतरलं. तिथं उतरलेलं ते जगातलं पहिलं यान.

त्या यानात एक बंद डबा होता. डब्यात माती, पाणी, हवा आणि बिया. बटाट्याचं बी होतं, मोहरीच्या जातीचं होतं आणि आपली ओळखीची सरकीही होती. त्यातल्या सरकीला मोड आला. चंद्रावर उगवलेलं पहिलं रोप कपाशीचं होतं, मैत्रिणींनो! विदर्भ-मराठवाड्यातल्या बायांना हे ऐकून बरं वाटेल. पण ते रोप जगलं नाही. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते आणि थंडी उणे १९० अंशांपर्यंत जाते. रात्र झाली, डबा गारठला, रोप गेलं.

त्यानंतर चांग-ई ५ नं २०२० मध्ये चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूची माती आणली. आणि २०२४ च्या जूनमध्ये चांग-ई ६ नं मागच्या बाजूची माती पृथ्वीवर आणली. किती? १,९३५ ग्रॅम. दोन किलोला थोडी कमी. एवढ्याशा मातीसाठी एवढा खटाटोप का? कारण त्या बाजूची माती याआधी कुणीच आणली नव्हती. तपासल्यावर कळलं की तिथं सुमारे २८० कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत होता. चंद्र कसा घडला, त्याच्या दोन बाजू वेगळ्या का, हे कोडं सोडवायला ती माती कामी येते.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडं आपलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, ते तुम्हाला आठवत असेल. चीनचीही नजर तिकडंच आहे, कारण तिथल्या कायमच्या सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ असण्याची शक्यता आहे. पाणी जिथं, तिथं वस्ती, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. २०३० च्या आत आपली माणसं चंद्रावर उतरवायची, असं चीननं ठरवलं आहे.

आता त्यांच्या आकाशातल्या घराबद्दल. अमेरिका, रशिया, युरोप, जपान, कॅनडा यांनी मिळून एक अवकाश स्थानक बांधलं. चीन त्यात नाही. अमेरिकेच्या ‘नासा’नं चीनबरोबर थेट काम करायचं नाही, असा तिथला कायदा २०११ पासून आहे. मग चीननं स्वतःचंच बांधलं. नाव तियानगोंग, म्हणजे स्वर्गातला महाल. २०२१ मध्ये पहिला भाग गेला, २०२२ च्या अखेरीस तीन भागांचं घर पुरं झालं. तिथं तीन-तीन जण साधारण सहा महिने राहतात. २०२२ मध्ये तिथं भाताचं बी पेरलं आणि १२० दिवसांत त्याला लोंबी धरून नवं बी तयार झालं. वर भात पिकवता आला, तर पुढं लांबच्या प्रवासात माणसं तगतील, हा त्यामागचा विचार.

या घरात बायाही गेल्या. लिऊ यांग ही अवकाशात गेलेली पहिली चिनी स्त्री, साल २०१२. दुसरी वांग यापिंग. ती शानडोंग प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरची मुलगी, पुढं वैमानिक झाली. २०१३ मध्ये तिनं अवकाशातून शाळेतल्या मुलांचा तास घेतला. ७ नोव्हेंबर २०२१ ला ती यानाबाहेर पडून काम करणारी पहिली चिनी स्त्री ठरली. त्या वेळी तिची लेक पाच वर्षांची होती. तिसरी वांग हाओझे, इंजिनिअर, २०२४ मध्ये गेली. यापिंग गेली तेव्हा तिच्यासाठी सौंदर्यप्रसाधनं पाठवल्याची चर्चा झाली. पुरुषांच्या दाढीच्या सामानाची बातमी मात्र आमच्या वाचनात आली नाही! बाई कितीही उंच गेली तरी तिला विचारायचे प्रश्न खालचेच असतात, असं आम्हाला वाटून गेलं.

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट ऐका. तीन अंतराळवीर परत यायला निघणार, तेवढ्यात त्यांच्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला बारीक तडे दिसले. अवकाशात फिरणाऱ्या कचऱ्याचा एखादा कण लागला असावा, असा अंदाज होता. धोका पत्करला नाही. ते तिघे नव्यानं आलेल्या तिघांच्या यानातून १४ नोव्हेंबरला सुखरूप परतले. पण मग वर राहिलेल्यांना परतीचं यानच उरलं नाही! चीननं खाली एक यान तयार ठेवलेलं होतं. ते २५ नोव्हेंबरला माणसांविना वर पाठवलं. अडचण येण्याआधी सोय करून ठेवली होती, म्हणून निभावलं. गटाचा राखीव निधी आपण याचसाठी ठेवतो ना?

आणि हा अवकाशातला कचरा फक्त वरच राहत नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आकाशात पेटते पट्टे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, मोकळ्या जागेवर धातूचं मोठं कडं येऊन पडलं. आसपास गोल टाक्याही सापडल्या. तज्ज्ञांनी हिशेब मांडून सांगितलं की २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा हा भाग असावा. कुणाला इजा झाली नाही. पण तेच कडं एखाद्या घरावर पडलं असतं तर?

चीनमधल्या खेड्यांना ही भीती नेहमीची आहे. त्यांची जुनी उड्डाण केंद्रं समुद्रापासून लांब आहेत. रॉकेटचा खालचा भाग गळून जमिनीवरच पडतो. उड्डाणाआधी गावं रिकामी करावी लागतात. जून २०२४ मध्ये ग्वेझोऊ प्रांतात असा भाग पडला, तेव्हा माणसं पळत सुटली होती. काही रॉकेटचं इंधन विषारी असतं, त्याचा धूरही घातक. समुद्रकाठी वेनचांगला नवं केंद्र झालं, पण जुनी केंद्रंही चालूच आहेत. आणि न्यायानं बोलायचं तर दोष एकट्या चीनचा नाही. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा भाग २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला होता.

यावर कायदा आहे का? आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की ज्या देशानं रॉकेट सोडलं, त्यानं जमिनीवर झालेलं नुकसान भरून द्यायचं. भारत आणि चीन दोघंही त्यात आहेत. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडानं मागणी केली आणि रशियानं ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण ही मागणी आपलं सरकारच करू शकतं, आणि नुकसान झाल्यापासून एका वर्षाच्या आत. म्हणून गावात नोंद होणं महत्त्वाचं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. आकाशातून काही पडलं तर हात लावू नका. भंगारात चार पैसे येतील म्हणून घरी आणू नका. लेकरांना, गुरांना लांब ठेवा. वास येत असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूला सरका. पोलीस पाटलांना कळवा, ११२ ला फोन करा. शेताचं, गोठ्याचं नुकसान झालं असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. फोटो काढा, पण लांबून.

चंद्रावर कोण पोचतंय, हे आपण कौतुकानं बघू. शेतकऱ्याची लेक तिथवर जाते, हे आपल्या मुलींना सांगू. आणि वर पाठवलेलं खाली कुणाच्या अंगणात येतं, हेही विचारत राहू. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं यावर बोला. तुमच्या गावाचं काय म्हणणं आहे ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.