आजीबरोबर बांधावर



पाऊस स्थिरावला की कोकणात वाटांच्या कडेनं टाकळा तरारून येतो. विदर्भात याच भाजीला तरोटा म्हणतात. गावात ती विकत घ्यावी लागत नाही, पण ओळखावी लागते, आणि ओळखणारी माणसं आता बहुतेक घरातली वडीलधारीच उरली आहेत. म्हणून आज माझं एकच सांगणं आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांना आजी-आजोबांच्या हवाली करा आणि खुशाल बांधावर जाऊ द्या.

आमच्या सासूबाई नातीला घेऊन निघतात. दिसेल त्या हिरव्या रोपाला नात हात घालते. "थांब गं, आधी पानं मोज," आजी म्हणतात. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीनच जोड्या असतात, टोकाला गोलसर. शेजारीच उगवलेल्या कासविंद्याला चार-पाच जोड्या, पानं टोकदार आणि चुरगळली की उग्र वास. त्याच्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं. नात मोजते, पान चोळून हुंगते आणि मग विचारते, "आजी, हा घेऊ?" आजीनं मान डोलावल्यावर फक्त कोवळे शेंडे खुडायचे, रोप उपटायचं नाही.

बघणं, मोजणं, ताडून पाहणं आणि खात्री नसेल तर विचारणं, सगळं शिक्षण यात आलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी जाणलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडला गेलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. पानं, बिया, शिंपले हेच तिथलं शैक्षणिक साहित्य.

शहरात राहत असाल, तर मंडईतून जुडी आणा आणि भाजी निवडायला नातवंडांना आजीशेजारी बसवा. गावी असाल, तर संध्याकाळी पुन्हा त्याच रोपापाशी जा. टाकळ्याची पानं मिटलेली दिसतील. का मिटली, हे मूल आपणहून विचारील. लगेच उत्तर देऊ नका; उद्या सकाळी परत बघू म्हणा.

मात्र फार दिवस थांबू नका. टाकळा फुलावर आला की पानं जून होतात, भाजीची गोडी जाते. तेव्हा येत्या रविवारीच निघा.