यादीबाहेरचे उतारू

कोणते विमान केव्हा उडावे, कोणत्या उतारूंना कोणत्या फेरीने न्यावे, हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न आहे. त्याचा नीतीशी काय संबंध, असे सहज वाटते. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. १९४६ ते १९५८ ह्या काळात अमेरिकेने तेथे ६७ अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या.

ह्या चाचण्यांमागील वाहतुकीची व्यवस्था मोठी काटेकोर होती. मार्च १९४६ मध्ये बिकिनीच्या १६७ रहिवाशांना जहाजाने राँगेरिकला नेण्यात आले. जुलैमधील स्फोटांच्या वेळी शेजारच्या राँगेलापचे लोकही काही काळ अन्यत्र हलविले गेले. स्फोटाच्या ढगात शिरलेल्या विमानांत वैमानिकच नव्हते. ती दुरून चालविली जात होती. पुढील चाचण्यांत हवामान पाहणारी, निषिद्ध सागरी क्षेत्रावर गस्त घालणारी व ढगाचे नमुने आणणारी विमाने असत. स्फोटाच्या क्षणी कोणी कोठे, किती उंचीवर असावे, हे आधी ठरलेले असे.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर 'ब्राव्हो' ह्या अस्त्राचा स्फोट झाला. बेटावरील माणसे आदल्या दिवसापर्यंत जहाजांवर चढली होती. मागे राहिली ती स्फोट घडविणारी नऊ जणांची तुकडी. तिलाही सायंकाळी हेलिकॉप्टरने उचलले गेले. परंतु सुमारे ६ मेगाटनांची अपेक्षा असता स्फोट १५ मेगाटनांचा झाला आणि वाऱ्याने किरणोत्सर्गी राख पूर्वेकडे नेली.

पूर्वेला राँगेलाप होते. १९४६ मधील लहान स्फोटांसाठी जे लोक हलविले होते, ते शेकडो पटींनी मोठ्या ह्या स्फोटाच्या वेळी मात्र घरीच होते. राख पांढऱ्या भुकटीसारखी पडली आणि मुले तीत खेळली. त्याहूनही दूर असलेल्या राँगेरिकवरील २८ अमेरिकन कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी विमानाने हलविले. राँगेलापच्या लोकांसाठी नौदलाचे जहाज आले ते तिसऱ्या दिवशी. उटिरिकची पाळी तर चौथ्या दिवशी आली. निषिद्ध क्षेत्राबाहेर मासेमारी करणारी 'फुकुर्यू मारू' ही जपानी नौका गस्ती विमानांच्या दृष्टीस पडलीच नव्हती. तिच्यावरील २३ खलाशी आजारी पडले. बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मृत्यू पावला.

ह्या घटनेचे पडसाद दिल्लीतही उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान स्थगित कराव्यात, अशी मागणी केली. चाचणी करणाऱ्यांनी मात्र निषिद्ध क्षेत्र कितीतरी पटींनी वाढविले आणि त्या वसंतातील उरलेले स्फोट पार पाडले.

राँगेलापचे लोक १९५७ मध्ये परत आणले गेले. भूमी अद्याप दूषित असल्याच्या भीतीने १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडले. सुमारे तीनशे जणांना 'रेनबो वॉरियर' ह्या जहाजाने मेजाटोला पोहोचविले. ह्या खेपेस उतारूंची यादी त्यांची स्वतःची होती.

व्यवस्था चोख असणे म्हणजे ती न्याय्य असणे नव्हे. ज्यांची नावे यादीत होती, त्यांच्यासाठी वाहने वेळेवर आली. पण वारा कोणाची यादी वाचून वाहत नाही. म्हणून यादी करणाऱ्याने आधी विचारावे, की तीत कोण राहून गेले आहे.