सुधारणेनंतरचा बिघाड आणि आपले कर्तव्य



वसंतातील व्याख्यानांस इतिहास, साहित्य, अर्थकारण असे विषय शोभतात. संगणकाच्या पोटातील बिघाड हा विषय आम्ही निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, दरेकशाच्या माणसाला याचे काय होय?" त्यांच्या खिशात त्या वेळी अँड्रॉइडचा फोन होता. त्या फोनचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नेल. तेव्हा हा विषय दूरचा नसून आपल्या खिशातलाच आहे.

कर्नेल म्हणजे लष्करातील कर्नल नव्हे. आपल्या रानात उन्हाळ्यात चार पिकतात. वरचा गर पोरे चोखून खातात. पण मोलाची वस्तू टणक कवचाच्या आत असते, ती चारोळी. संगणकाच्या पडद्यावर दिसते तो गर; आत बसून चकती, पडदा, कळफलक, स्मृती, जाळे यांस कामाला लावतो तो कर्नेल. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी तो जगापुढे मांडला. आज हजारो माणसे तो लिहितात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. इतके हात लागले की कोठेतरी टाका सुटावयाचाच.

आता आमचीच एक फजिती सांगतो. एका वाचनालयातील संगणकावर आम्ही हौसेने नवी सुधारणा चढविली. पुन्हा सुरू करतो तो वायफाय नाहीसे. त्या संध्याकाळी एका मुलास शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता; मुदतीचा शेवटचा दिवस. तो म्हणाला, "सर, सुरू होताना जुना कर्नेल निवडून पाहू का?" आम्ही त्याला गप्प बसविले आणि सारी यंत्रणा पुसून नव्याने घालू लागलो. मुलगा उठला व दुसऱ्याची सायकल घेऊन सालेकशाकडे गेला. अर्ज कसाबसा गेला. परंतु आमच्या हातून दोन चुका झाल्या: पोराचे ऐकले नाही ही एक, आणि बिघाडाचा पुरावा आम्हीच पुसून टाकला ही दुसरी. आमच्यासारखाच बिघाड आणखी कोणाच्या यंत्रात झाला असेल, तर त्याला आमचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्या मुलाचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या यंत्रणा नवा कर्नेल बसविताना निदान एक जुना जवळ ठेवतात. यंत्र सुरू होताना ग्रब नावाची यादी येते; तीत जुनी आवृत्ती निवडता येते. जुन्यावर सारे ठीक चालले व नव्यावर बिघडले, तर संशय कर्नेलवर जातो. दोन्हींवर बिघडले, तर दोष दुसरीकडे शोधावा: तार सैल असेल, चकती थकली असेल. एवढ्या एका परीक्षेने अर्धा गोंधळ निवळतो.

मात्र जुन्यावर परतणे हा तात्पुरता आसरा होय, कायमचे बिऱ्हाड नव्हे. नव्या आवृत्तीबरोबर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येतात, त्यांस आपण मुकतो. गाडी बोगद्यापाशी अडली तर मागे स्टेशनात आणावी. पण उतारूंना तेथेच संसार थाटावयास सांगू नये.

रेल्वेची गोष्ट निघाली म्हणून आणखी थोडे बोलतो. आपल्या घाटातून जाणारा नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग आरंभी मीटरगेज होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेतला व ब्रॉडगेज केला. रूळ रुंदावले, आणि जुने डबे त्या रुळांवर निरुपयोगी झाले. रेल्वेस ते परवडले. कर्नेलच्या कर्त्यांनी मात्र उलट नियम घालून घेतला आहे: रूळ वाटेल तेवढे बदला, पण काल चालत होता तो डबा आजही चालला पाहिजे. सुधारणेने चालती वस्तू बंद पडली, तर दोष वापरणाराचा मानीत नाहीत. कर्नेलचा मानतात, आणि जरूर पडल्यास तो बदल मागे घेतात. एवढे वचन फार थोड्या कारखानदारांनी आपल्या गिऱ्हाइकास दिले असेल. परंतु हे वचन पाळले जावयाचे तर डबा अडल्याचे कोणीतरी कळविले पाहिजे. न कळविलेली तक्रार लिनस टोरवाल्ड्‌सनाही ऐकू येत नाही.

कळवावे कसे? "नवीन टाकले आणि बंद पडले" ही तक्रार नव्हे, तो उसासा होय. वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच म्हटले तर तो काय औषध देणार? कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होते, कोणतीपासून बंद पडले, यंत्र कोणते, काय केले असता बिघाड हटकून दिसतो, हे क्रमाने लिहावे. आवृत्ती 'युनेम' या आज्ञेने कळते. कर्नेल आपली रोजनिशी लिहीत असतो. ती 'डीमेसेग' या आज्ञेने वाचता येते, आणि बहुतेक यंत्रांत मागल्या खेपेची नोंदही 'जर्नलसीटीएल'ने मिळते. चांगल्या व वाईट अशा दोन्ही खेपांच्या नोंदी जोडाव्यात. त्यांत खासगी मजकूर असल्यास आधी काढावा. एका पत्रात एकच बिघाड लिहावा.

तत्पूर्वी घरचे दोन दोष तपासावेत. एक, कर्नेल ठेवावयाची जागा भरून गेली असेल, तर नवा कर्नेल अर्धवटच बसतो. दुसरे, एखाद्या कंपनीचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बाहेरून आणून बसविला असेल आणि तो नव्या कर्नेलशी जुळत नसेल. असा परका चालक शिरला की कर्नेल स्वतःच्या नोंदीत 'टेन्टेड', म्हणजे भेसळ झालेला, अशी खूण करतो. मग मूळ कर्ते म्हणतात, "आधी तो काढून पाहा." ते रास्तच आहे.

पत्र कोणास लिहावे? आपला कर्नेल डेबियन किंवा उबुंटूवाल्यांनी आपल्या परीने बदललेला असतो. म्हणून प्रथम त्यांना कळवावे. मूळ कर्त्यांकडे जावयाचे तर त्यांचा ताजा, निर्भेळ कर्नेल घालून बिघाड तेथेही दिसतो काय, हे पाहावे.

आता सर्वांत मनोरंजक भाग. दहा-पंधरा हजार बदलांतून दोषी बदल कसा हुडकावा? गोंदियास तार लागते व डोंगरगडास लागत नाही असे समजा. लाइनमन खांबन्‌खांब चढत नाही. तो मध्ये सालेकशास तार तपासतो. तेथे लागली तर दोष पुढे, नाही तर मागे. पुन्हा उरलेल्याचा अर्धा भाग. लिनसनी २००५ साली सुरू केलेल्या 'गिट' या साधनात नेमकी हीच सोय 'बायसेक्ट' या नावाने आहे. सोळा हजार बदल असले तरी चौदा खेपांत दोषी हाती लागतो. प्रत्येक खेपेस कर्नेल नव्याने बांधावा लागतो, म्हणून वेळ जातो. पण येथे बुद्धीपेक्षा चिकाटी लागते, आणि ती आपल्या भागात कमी नाही.

अनुमानापेक्षा अशी तपासणी का बरी, हे २००८ च्या एका प्रकरणाने दाखविले. २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असता काही इंटेल जाळेपट्ट्यांच्या आतील स्मृतीच खराब होऊ लागली. सर्वांनी त्या पट्टीच्या चालकाकडे बोट दाखविले. तपासाअंती अपराधी निघाला 'एफट्रेस' नावाचा अगदी निराळाच भाग. आरडाओरडीत निरपराधी पकडला जातो, हे गावच्या चोरीप्रमाणेच येथेही खरे.

आणि वेळेवर कळविल्याने काय होते? नोव्हेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नेलात एक बदल आला. त्याच्या जोडीचा दुसरा बदल घ्यावयाचा राहिला होता, आणि त्यामुळे एक्स्ट-४ पद्धतीच्या चकतीवरील मजकूर बिघडण्याचा धोका निर्माण झाला. हे ध्यानात येताच ९ डिसेंबरला येणारी डेबियन १२.३ थांबविण्यात आली, लोकांस सुधारणा न करण्याचा इशारा गेला, आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नेलासह १२.४ निघाली. कोणाची हिशेबवही, कोणाच्या मुलांची छायाचित्रे या एका दिवसाच्या तत्परतेने वाचली असतील! अशी तत्परता शक्य होते ती बिघाड वेळीच दिसतो आणि सांगितला जातो म्हणून.

पत्र टाकून मोकळे होऊ नये, हेही सांगितले पाहिजे. कर्ते उलट विचारतात, "ही दुरुस्ती घालून पाहाल का?" तेव्हा गप्प राहणारा तक्रारदार काम अर्ध्यावर सोडतो. जो उत्तर देतो, त्याचे नाव पुष्कळदा दुरुस्तीच्या नोंदीत जाते: याने कळविले, याने तपासले. कर्नेलच्या इतिहासात ते कायम राहते. तेथे गावाचा आकार कोणी विचारीत नाही, पदवी विचारीत नाही; नोंद नीट आहे काय एवढेच पाहतात.

मित्रहो, फुकट मिळालेल्या वस्तूची परतफेड कशी करावी, असा प्रश्न सज्जनांस पडतो. सर्वांस कर्नेल लिहिता येणार नाही; आम्हांसही येत नाही. परंतु जे बिघडले ते पुसून न टाकता नीट पाहणे, नीट लिहिणे आणि विचारल्यास उत्तर देणे, एवढे प्रत्येकास जमण्यासारखे आहे. विहिरीचा रहाट मोडला तर पाणी भरणाऱ्याने गावात सांगावे, इतके साधे हे कर्तव्य आहे.

आणि एखादा मुलगा म्हणाला, "सर, जुना कर्नेल निवडून पाहू का?" तर त्याला गप्प बसवू नका. आम्ही बसविले होते. त्याची भरपाई म्हणून हे भाषण.