कडुनिंबाखालची आई

(१९८८च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला शाळेची एक आठवण सांगायला उभं केलंय. मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती या शाळेत एक दिवसही शिकली नाही. पण तुमच्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिलंय. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर पटांगणातल्या कडुनिंबाखाली एक म्हातारी बसायची. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, शेजारी रिकामी पाटी. मटकी-हुलगा विकून झाला की ती थेट शाळेत यायची आणि शाळा सुटेपर्यंत आमच्या वर्गाच्या खिडकीकडं बघत राहायची. तुम्ही पोरं तिला ‘इन्स्पेक्टर आजी’ म्हणायचात आणि तिच्या ओच्यातल्या शेंगाही खायचात. ती माझी आजी. आमच्या घरात तिला सगळे आई म्हणायचे आणि माझ्या आईला आक्का.

आई २०१९ साली गेली. तिचं वय नक्की कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर १ जानेवारी १९२५ अशी तारीख आहे. त्याचं नवल नको; गुरुजींच्या कृपेनं आपल्या निम्म्या बॅचचा वाढदिवस १ जूनला येतोच की! माझाही त्यातलाच, १ जून १९७२. आईचा हिशोब वेगळा होता. “पत्री सरकारच्या टायमाला थोरला अंगावर पीत हुता,” एवढं ती सांगायची. थोरला म्हणजे माझे वडील. सात बाळंतपणं झाली, चार लेकरं जगली. आजोबा लवकर वारले. वडील मुंबईला मशीद बंदरला माथाडी कामगार. महिन्याला मनिऑर्डर आली तर आली. बाकी घर, शेरडं आणि माणदेशातलं चार एकर कोरडवाहू रान आईनं आणि आक्कानं सांभाळलं.

आईला अक्षरओळख नव्हती. तरी ती शाळेत का येऊन बसते, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला फक्त लाज वाटायची. सर तिला खुर्ची द्यायचे. ती म्हणायची, “नगं गुर्जी, माझी पोरगी वर्गात हाय न्हवं, मग झालं.”

नववीत असताना एका बाजारच्या दिवशी आम्ही तिघी शाळा बुडवून व्हिडिओवर सिनेमा बघायला गेलो. त्यातल्या दोघी आज समोर बसल्यात, आता हसतायत. मी परत आले तेव्हा आई कडुनिंबाखाली तशीच बसून होती. वर्ग केव्हाच सुटला होता. ती मला काही बोलली नाही. मारलं असतं तर बरं, असं मला वाटत होतं. चार किलोमीटर आम्ही मुकाट चाललो. गावाच्या अलीकडं ती वाट सोडून पाझर तलावाच्या बांधावर चढली आणि एका वाळक्या बाभळीच्या बुंध्यापाशी थांबली.

“हितं तुझी झोळी बांधलीती,” ती म्हणाली.

बहात्तरचा दुष्काळ आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली, रेशनवर तांबडी मिलो मिळायची आणि कामावर सुकडी. तो तलाव त्याच दुष्काळी कामावर झाला. आई आणि आक्का दोघी तिथं होत्या. एकीनं खडी फोडायची, दुसरीनं पाट्या वाहायच्या. दोघींचा पगार आला तरच घरात चूल पेटायची. आणि मी काही महिन्यांची. मला कोण बघणार? माझी धाकटी आत्या तेव्हा सहावीत होती. वर्गात पहिली यायची. आईनं तिला शाळेतून काढलं आणि माझ्या झोळीपाशी बसवलं.

“पाऊस पडला की परत घालीन म्हनलं हुतं,” आई म्हणाली. “पाऊस पडला. पर तिचं दप्तार म्या फळीवर ठिवलं, ते काय परत खाली काढलं न्हाई. मला तिच्या कामाची सवं लागली.”

मित्रमैत्रिणींनो, ‘आम्हाला शिकवायला आजीनं खस्ता खाल्ल्या’ असं आपण सगळेच म्हणतो. ते खरंच आहे. पण माझ्या शिक्षणाची किंमत आईनं एकटीनं मोजली नाही. ती तिनं आत्याकडूनही घेतली. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती त्या झाडाखाली बसायची.

त्यानंतर मी शाळा बुडवली नाही. डी.एड. झाले, जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले आणि काही वर्षांनी बदली होऊन आमच्याच गावच्या शाळेत आले. तिथं जुनं जनरल रजिस्टर उघडून आत्याचं नाव शोधलं. नावापुढं शाळा सोडण्याचं कारण लिहिलंय, ‘सतत गैरहजर’. दोनच शब्द. त्यात दुष्काळ नाही, खडी नाही, मी नाही.

ते मी आईला वाचून दाखवलं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढं होती. बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ती न्हवती गं गैरहजर. तिला म्याच न्हेली.” पुढं आत्या माहेरी आली की आई तिला आधी जेवायला वाढायची, अगदी जावयाच्याही आधी. आपली पुतळ्यांची माळ तिनं हयातीतच आत्याच्या गळ्यात घातली. सुनांनी कुरकुर केली, पण आई बधली नाही.

मी एकदा आत्याला विचारलं, “तुला आईचा राग नाही आला?”

आत्या म्हणाली, “आईचा न्हाई. तिचं हात बघितलं हुतं म्या, खडीनं फुटल्यालं. राग तुझा यायचा. लई रडायचीस तू.”

आत्या आज इथं आली आहे. सकाळी आपण सगळे जुन्या वर्गात बसलो, तेव्हा माझ्या शेजारी बसली होती ती हीच. तुमच्यापैकी काहींनी मला विचारलं, या कुठल्या बॅचच्या? मी उत्तर दिलं नाही. ते आता देते. तिची बॅच झालीच नाही.

आपण शाळेला पाण्याची टाकी देतोय. माझ्या वाट्याच्या पैशांची पावती आत्याच्या नावानं करावी, एवढी विनंती. आणि इथल्या आजच्या शिक्षकांना एक मागणं आहे, मीही त्यांच्यातलीच म्हणून. एखादी मुलगी यायची बंद झाली, तर ‘सतत गैरहजर’ लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या. ती कुणाच्या तरी झोळीपाशी बसलेली असेल.