शेवाळ मेलं, मी घाबरलो आणि विहीर बंद झाली

ऐकत असाल तर ठीक, वाचत असाल तर अजून चांगलं, कारण या भागात थोडे आकडे आहेत आणि रेकॉर्डिंगमध्ये मी ते गडबडीत बोललोय. इथे नीट लिहिलेत.

मागच्या मे महिन्यात मी मामीकडे राहायला गेलो होतो. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना आत एक पाडा लागतो. नाव मुद्दाम सांगत नाही. वर्क फ्रॉम होम म्हणायचं, पण नेटवर्क फक्त टेकाडावर. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मार्च संपेपर्यंत विहिरी तळ दाखवतात. खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरायला जागा कमी. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. यावर वेगळा भाग करू, नाहीतर मी भरकटेन.

तर मामीची विहीर. शेजारी मोगऱ्याचा मळा. जव्हार-मोखाड्यात मोगऱ्याने बऱ्याच घरांत हाताला पैसा दिलाय. पण कळीत अळी पडते, मग औषध मारावं लागतं, आणि आता गवतासाठी तणनाशकही. मामीने विचारलं, "तू इंजिनियर ना? ते औषध विहिरीत उतरतं का, सांग."

पाड्यावर पाणी तपासायचं किट आहे, बायकांना ते वापरताही येतं. पीएच, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, सगळं बघता येतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, हे मामीला पाठ आहे. पण त्या किटमध्ये कीटकनाशक नाही, तणनाशक नाही. जे शोधायचं ठरवलंय तेवढंच सापडतं. आपल्या कोडच्या टेस्टसारखंच, जी केस लिहिली नाही ती पास.

मग मी इंटरनेटवर वाचत बसलो आणि मला शेवाळ सापडलं. कल्पना साधी आहे. कुठलं रसायन आहे ते विचारूच नका, एका जिवंत गोष्टीला ते पाणी द्या आणि ती वाढते का बघा. जगभर यासाठी एकपेशीय हिरवं शेवाळ वापरतात. त्यातली एक प्रसिद्ध जात चंद्रकोरीसारखी दिसते, ती १९५९ साली नॉर्वेतल्या नितेल्वा नावाच्या नदीतून वेगळी केली होती. पद्धत ७२ तासांची. स्वच्छ पाण्यातलं शेवाळ तेवढ्या वेळात किमान १६ पट वाढलं पाहिजे, नाहीतर टेस्टच बाद. मग तपासायच्या पाण्यात वाढ किती कमी झाली ते मोजायचं. आपल्याकडे कारखान्याच्या सांडपाण्यासाठी माशांची अशी चाचणी नियमातच आहे, ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. पण मासा प्रकाशसंश्लेषण करत नाही. बरीच तणनाशकं नेमकी तिथेच घाव घालतात, म्हणून ती शेवाळाला आधी कळतात.

कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने क्लोरेलाची बाटली दिली. मामी म्हणाली, "विहिरीतलं शेवाळ आम्ही घासून काढतो आणि तू एसटीतून घेऊन आलास?"

बरण्या मांडल्या. एकात बिसलेरी, बाकीच्यांत विहिरीचं पाणी: पूर्ण, निम्मं, पाव. सगळ्यांत सारखं खत, म्हणजे उपासमारीने वाढ खुंटली असं व्हायला नको. वर एलईडी बल्ब, दिवसातून तीनदा हलवायचं, आणि रोज त्याच जागेवरून फोटो. फोटोतला हिरवा रंग मोजायला वीस ओळींचा कोड लिहिला. प्रयोगशाळेची अचूकता नाही, पण फरक दिसतो.

तिसऱ्या दिवशी बिसलेरी हिरवीगार. पाववाली तशीच. निम्मी फिकट. आणि पूर्ण विहिरीच्या पाण्याची बरणी पांढरट, शेवाळ तळाला बसलेलं. ग्राफ इतका सुंदर आला की मी हरखलो. जास्त पाणी, जास्त विष, सरळ उतरती रेघ! टेकाडावर गेलो आणि पाड्याच्या ग्रुपवर टाकलं: "विहिरीच्या पाण्यात विषारी द्रव्य आहे. पिऊ नका."

त्याच संध्याकाळपासून बायका खालच्या झऱ्यावर जायला लागल्या. उतार, दगड, डोक्यावर दोन हंडे. मामीही.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आले. अजिबात चिडले नव्हते, त्याचंच मला जास्त वाटलं. म्हणाले, "दादा, पाणी कधी काढलंत?" मी दिवस सांगितला. "त्याच सकाळी मी टीसीएल टाकली होती."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन. विहिरीत पाणी तळाला गेलेलं, म्हणजे क्लोरीन अजूनच तिखट. आणि क्लोरीन शेवाळाला मारणारच, त्यासाठीच तर ते असतं! नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन असावं असा आपला नियम आहे. त्यांनी ओटीचे थेंब टाकून दाखवले, पाणी पिवळं झालं. मी विष म्हणून जाहीर केलं होतं ते औषध होतं.

यावर उपाय मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. नाशिकहून मागवलं. पुन्हा बरण्या, पुन्हा तीन दिवस. या वेळी एका बिसलेरीतही अँटी-क्लोरीन टाकलं, ते स्वतःच शेवाळाला त्रास देत नाही ना हे बघायला. आणि अजून एक बरणी वाढवली, झऱ्याच्या पाण्याची.

विहिरीच्या पाण्यात शेवाळ बिसलेरीइतकंच वाढलं. आणि सगळ्यात हिरवी बरणी कुठली? झऱ्याची. मी खूश होऊन जलसुरक्षकांना दाखवली. त्यांनी त्याच झऱ्याचं पाणी जंतू तपासायच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं होतं. ती काळी पडली होती. काळी म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता. घाणीतून येणारं नत्र आणि फॉस्फरस शेवाळाला खतच. त्याला झरा आवडला यात नवल नाही.

म्हणजे मी टीसीएल टाकलेली विहीर बंद करून पाड्याला काही न टाकलेल्या झऱ्यावर पाठवलं होतं. त्या आठवड्यात मामीच्या नातीला जुलाब झाले. झऱ्यामुळेच का, सांगता येत नाही. मे महिन्यात इथे पोरांना जुलाब होतातच, असं मामी म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

शेवाळाची टेस्ट फालतू नाहीये. आपल्याच पालघर जिल्ह्यातलं तारापूर घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ते औद्योगिक क्षेत्र देशात सगळ्यात वर होतं. तिथे पाण्यात कुठली कुठली रसायनं एकत्र आली असतील याची यादी कोण करणार? एकेक मर्यादेत आणि सगळी मिळून घातक, असंही होतं. तिथे शेवाळ, मासे, पाणपिसू असे जिवंत साक्षीदार हवेतच. हो, पाणपिसूही. कारण मोगऱ्यावरची बरीचशी कीटकनाशकं किड्याच्या मज्जासंस्थेवर चालतात आणि शेवाळाला मज्जासंस्थाच नाही. म्हणजे मामीच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बरण्यांत कधी येणारच नव्हतं. तणनाशकाबद्दलही मी एवढंच सांगू शकतो की त्या दिवशीच्या पाण्यात शेवाळाला त्रास होईल इतकं नव्हतं. फवारणीनंतर पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हाचं पाणी वेगळं असू शकतं.

ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. "माझी चूक झाली, टीसीएलमुळे शेवाळ मेलं होतं, विहीर वापरा, झऱ्याचं पाणी उकळून प्या." पहिल्या मेसेजला २३ अंगठे आले होते. याला चार. त्यातला एक जलसुरक्षकांचा. दोन घरं जूनपर्यंत झऱ्यावरच जात होती, मामीने जाऊन समजावलं तरी.

आता जुलै आहे. मळ्यात फवारणी झालीय, मागच्या आठवड्यात धो धो पाऊसही झाला. मामीने दोन लिटर पाणी भरून एसटीने पाठवलंय, बाटलीला चिठ्ठी चिकटवून: "टीसीएल टाकायच्या आधी काढलंय." त्यातली एक बाटली कीटकनाशकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत देणार आहे, दुसरी बरण्यांत. ग्रुपवर मात्र या वेळी प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावरच लिहीन, आणि लिहायच्या आधी जलसुरक्षकांना फोन करीन.