जीवदयेची पुढील पायरी : वन्यजीव रुग्णालयाचा विस्तार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



जैन घरातील मुलाला जीवदयेचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. पाणी गाळून घेणारी आजी, गच्चीवर पाखरांसाठी मातीचे भांडे भरून ठेवणारे आजोबा, हेच त्याचे पहिले गुरू होत. विवाहमंडपाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ माघारी वळविणाऱ्या भगवान नेमिनाथांची कथा तो ऐकतो. मेघकुमाराच्या पूर्वजन्मातील हत्तीची कथाही तो ऐकतो. वणवा पेटला तेव्हा अरण्यातील सारे जीव हत्तीने आधीच साफ करून ठेवलेल्या मोकळ्या जागेत दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजविण्यासाठी उचललेल्या पायाखाली एक ससा येऊन बसला आणि हत्तीने तो पाय अडीच दिवस खाली टेकविला नाही. या कथेत पाय उचलून धरणे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु वणवा येण्यापूर्वी जागा तयार करून ठेवण्याचे काम त्याच हत्तीने केले होते, हे सहसा लक्षात राहत नाही. आजच्या विषयाचे मूळ नेमके तेथे आहे.

समाजाची या क्षेत्रातील परंपरा मोठी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात असलेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय तर देशोदेशीच्या प्रवाशांना ठाऊक आहे. मात्र या परंपरेचा मुख्य भर गाय, बैल, कबुतर, पोपट अशा माणसाच्या सहवासातील जीवांवर राहिला. रानातील जखमी जीवाचे काय, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात टाळता येण्यासारखा नाही.

या जिल्ह्याला निसर्गाने भरभरून दिले आहे. कोका अभयारण्य हे २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली अस्तित्वात आले. तलावांच्या या मुलखात धानाच्या बांध्यांतून क्वचित सारस पक्ष्यांची जोडीही दिसते. पण याच भूमीतून राष्ट्रीय महामार्ग जातो, कालवे जातात, विजेच्या तारा जातात. रात्री रस्ता ओलांडणारे चितळ वाहनाच्या धडकेने पडते. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट कोसळतो. सिमेंटच्या निसरड्या कालव्यात उतरलेल्या प्राण्याला वर चढता येत नाही. पिकाभोवती चोरून सोडलेला वीजप्रवाह रानडुकरासाठी असतो, पण त्यात वाघही मरतो. संक्रांतीला नायलॉनचा मांजा पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो दुकानांतून पूर्णपणे गेलेला नाही.

अशा जीवांसाठी विदर्भात जी व्यवस्था उभी राहिली, तिचे केंद्र नागपूर आहे. तेथे सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे उपचार केंद्र आहे आणि गोरेवाडा येथे बचाव केंद्र आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्रही गोरेवाड्यातच आहे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर, साकोलीहून त्याच्या दीडपटीहून अधिक. माणसाला हे अंतर मोठे वाटत नाही. हरणाला मात्र ते जीवघेणे ठरू शकते. पकडण्याच्या व बांधण्याच्या भीतीने त्याचे स्नायू आतून निकामी होऊ लागतात, आणि बाहेरून किरकोळ दिसणारी जखम असतानाही ते काही तासांत किंवा काही दिवसांत दगावते. म्हणून जखमेच्या ठिकाणापासून जवळ, अंधारी व शांत अशी प्रथमोपचाराची जागा असणे ही वन्यजीव वैद्यकातील पहिली गरज होय.

विस्तार म्हणजे काय, हे समजण्यासाठी सातासमुद्रापलीकडील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. ऑस्ट्रेलियातील पोर्ट मॅक्वायरी या गावी १९७३ सालापासून कोआला या प्राण्याचे रुग्णालय आहे. कोआला हा पिल्लाला पोटावरील पिशवीत वाढविणारा, निलगिरीची पाने खाऊन जगणारा शांत जीव. मोटारी, कुत्रे आणि डोळे व प्रजननसंस्था निकामी करणारा क्लॅमिडिया हा रोग, हे त्याचे शत्रू. हे रुग्णालय मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. रोज ताजी पाने तोडून आणणे हेच तेथील मोठे काम असते. २०१९ च्या अखेरीस तेथे भीषण वणवे लागले. रानात पाणवठे बसविण्यासाठी रुग्णालयाने पंचवीस हजार डॉलरचे आवाहन केले, आणि जगभरातून सत्तर लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. तो पैसा केवळ नव्या खोल्यांत गेला नाही. पाणवठे बसले, कोआलांच्या वन्य प्रजननाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील राज्यांत कोआला संकटग्रस्त म्हणून घोषित करावा लागला. यातून बोध असा की, रान राहिले नाही तर रुग्णालय कितीही वाढविले तरी अपुरेच पडते.

दुसरा बोध घरच्या अंगणातला आणि अधिक कठोर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट बर्ड फ्लूने मृत्युमुखी पडले. ज्या जागी जीव वाचविण्यासाठी आणले जातात, तेथेच रोग शिरला. म्हणूनच विस्तार हा पिंजऱ्यांच्या संख्येने मोजू नये. नव्याने आलेल्या प्राण्यासाठी विलगीकरण कक्ष आहे काय, प्रत्येक कक्षाची भांडी व सेवक वेगळे आहेत काय, खाद्याची तपासणी होते काय, पंख बरे झालेल्या पक्ष्याला उडण्याचा सराव करण्याइतका लांब पिंजरा आहे काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : बरा झालेला जीव रानात परत गेला काय? वन्यजीव रुग्णालयाचे यश खाटा भरण्यात नसून त्या रिकाम्या होण्यात आहे.

आता समाजाच्या मनातील खऱ्या अडचणीकडे वळले पाहिजे. बिबट, गरुड, घुबड यांना मांसाहाराविना जगविता येत नाही. मग त्यांच्या रुग्णालयास साहाय्य करणे म्हणजे एका जीवासाठी दुसऱ्याच्या हिंसेत सहभागी होणे नव्हे काय? स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचा दोष मानणाऱ्या धर्माला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. दिल्लीच्या पक्षी रुग्णालयाने यातून आपली वाट काढली. तेथे शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, परंतु त्यांना आत ठेवून घेतले जात नाही. उपचारास नकार नाही आणि व्रतासही बाध नाही.

भंडारा जिल्ह्यात याहून सोपी विभागणी शक्य आहे, कारण कायदा स्वतःच ती करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असून परवानगीविना कोणासही तो बाळगता येत नाही. सापडलेल्या प्राण्याची माहिती ४८ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. तेव्हा न्यासाने स्वतंत्र रुग्णालय काढण्याचा विचार व्यवहार्यही नाही आणि इष्टही नाही. वन विभागाची परवानगी व देखरेख असलेल्या केंद्राला विशिष्ट हेतूसाठी दान देणे हा सरळ मार्ग आहे. क्ष-किरण यंत्र, वाहतुकीचे हवेशीर व अंधारे पेटारे, विलगीकरण कक्ष, हरणे व धान्यभक्षी पक्ष्यांचा विभाग, औषधे, यांपैकी कशासाठीही दात्याला निःशंक मनाने दान देता येईल. मांसभक्षी प्राण्यांच्या आहाराचा भार शासनाने उचलावा. तरीही काहींना एवढेही अनुमोदन खटकेल. त्यांच्या भावनेचा आदर राखून, त्यांच्यासाठी विहिरींना कठडे बांधण्याचे व कालव्यांतून प्राण्यांना वर येण्यासाठी उतार करून देण्याचे कार्य खुले आहे. त्यात कोणत्याही जीवाची हिंसा नाही, आणि जखम होण्याआधीच ती टळते.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. जखमी प्राणी दिसताच गर्दी दूर ठेवावी, त्याला पाणी पाजण्याचा वा खाऊ घालण्याचा आग्रह धरू नये, पक्षी असल्यास छिद्रे पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हरणाचे एकटे पाडस दिसले म्हणून उचलून आणू नये. त्याची आई बहुधा जवळच चरत असते, आणि माणसाला सरावलेले पाडस पुन्हा रानात जगत नाही. पांजरपोळ व गोशाळांनी गुरांसाठी डायक्लोफिनॅक वापरू नये. या औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. व्यापारी बंधूंनी नायलॉन मांजा विकू नये, एवढ्या एका निश्चयाने संक्रांतीच्या दिवशी किती पंख वाचतील!

पन्नास वर्षांत न्यासाने मंदिर, धर्मशाळा, विद्यार्थ्यांना साहाय्य अशी कार्ये केली, ती माणसांसाठी. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी मुक्या जीवांसाठी थोडी जागा तयार करून ठेवावी. वणवा केव्हा येईल ते सांगता येत नाही. तो आला तेव्हा ससा बिनदिक्कत येऊन बसू शकला, कारण हत्तीने जागा आधीच साफ करून ठेवली होती.

जय जिनेंद्र.